घरपट्टीची मर्यादा आणि गावाचा अधिकार

कर कोणालाच आवडत नाही, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची आवश्यकता नाही. परंतु सर्व करांमध्ये घरपट्टी माणसाला विशेष टोचते, आणि त्याला कारण आहे. प्राप्तीवरचा कर प्राप्ती झाल्यावर द्यावा लागतो. विक्रीवरचा कर मालाच्या किमतीत मिसळून थोडा थोडा जातो व तो गेल्याचे आपल्या ध्यानातही येत नाही. घरपट्टीचे तसे नाही. तिचे बिल एकदम हातात पडते, आणि ते आपल्या मिळकतीवर नसून आपण राहतो त्या घराच्या किमतीवर असते. घराची किंमत दुप्पट झाली म्हणून घरधन्याच्या हातात एक पैसाही जास्त येत नाही. पेन्शनीवर राहणाऱ्या म्हाताऱ्याचे घर शेजारच्या विक्रीमुळे कागदोपत्री लाखमोलाचे ठरते व त्याची पट्टी वाढते. मात्र ती भरण्यासाठी त्याला घराची एखादी खोली मोडून विकता येत नाही.

या घरपट्टीविरुद्ध एका संपूर्ण राज्यातील मतदारांनी मतपेटीच्या द्वारे बंड केले आणि गावोगावच्या स्थानिक संस्थांच्या करसत्तेला राज्यघटनेतच मर्यादा घालून टाकली. ही गोष्ट अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ६ जून १९७८ रोजी घडली. मतपत्रिकेवरील क्रमांकावरून ती 'प्रस्ताव १३' या नावाने ओळखली जाते. ती मर्यादा आज जवळजवळ अर्धशतकानंतरही कायम आहे. एवढ्या काळात तिचे बरेवाईट परिणाम दिसून आलेले आहेत, म्हणून तिचा शांतपणे विचार करता येतो. आपल्यापुढील प्रश्न असा : स्थानिक संस्थेचे हात बांधले म्हणजे कर कमी होतो, हे उघड आहे, पण त्याबरोबर आणखी काय काय होते?

मतदाराच्या हातातील कायदा

प्रथम कॅलिफोर्नियातील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. तेथे १९११ साली हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना मतदारांना तीन अधिकार मिळाले : स्वतः कायदा सुचविण्याचा, कायदेमंडळाने केलेला कायदा सार्वमताला लावण्याचा आणि निवडून दिलेल्या अधिकाऱ्याला परत बोलाविण्याचा. त्या काळी सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची राज्याच्या कारभारावर जबरदस्त पकड होती व ती सोडविण्यासाठी हे हत्यार लोकांच्या हाती दिले गेले. गव्हर्नरच्या मागील निवडणुकीत जितकी मते पडली असतील त्यांच्या शेकडा आठ इतक्या मतदारांच्या सह्या जमविल्या, की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. तो साध्या बहुमताने संमत झाला तर राज्याची घटना बदलते. कायदेमंडळाची संमती लागत नाही.

दुसरी गोष्ट स्थानिक कारभाराची. तेथे आपल्या जिल्ह्यासारखी कौंटी असते, शहराची नगरपालिका असते, शाळांसाठी वेगळे शाळामंडळ असते, आणि पाणी, अग्निशमन अशा कामांसाठी कधी आणखी वेगळी मंडळे असतात. १९७८ पूर्वी यांपैकी बहुतेक संस्था आपापल्या अंदाजपत्रकाप्रमाणे घरपट्टीचा दर ठरवीत. एकाच घरावर या सर्वांचे दर एकत्र बसत. सर्वांची बेरीज राज्यात सरासरीने घराच्या बाजारभावाच्या शेकडा अडीचपेक्षा अधिक होई. या पैशावर मुख्यतः शाळा, पोलीस, बंबवाले आणि ग्रंथालये चालत.

असंतोष कसा साठत गेला

या बंडाच्या मुळाशी एक सुधारणा होती, हे ऐकून नवल वाटेल. पूर्वी कॅलिफोर्नियात घराची किंमत ठरविणारा आकारणी अधिकारी लोकांनी निवडून दिलेला असे. मते घरवाल्यांची असल्यामुळे तो राहत्या घरांची किंमत कमी धरी आणि दुकाने व कारखाने यांची जास्त. १९६५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एक लाचलुचपतीचे प्रकरण उघडकीस आले; आकारणी कमी करून मिळावी म्हणून व्यापारी संस्थांकडून पैसे घेतले जात होते. त्यावर १९६६ साली कायदा झाला, की सर्व मिळकतींची आकारणी बाजारभावाच्या एकाच प्रमाणात व्हावी. न्यायाच्या दृष्टीने कायदा निर्दोष होता. परंतु घरवाल्यांना आजवर जी गुपचूप सवलत मिळत होती ती त्यामुळे नाहीशी झाली. लबाड अधिकारी गेला आणि प्रामाणिक अधिकारी आला. त्याने खरी किंमत लावली, आणि लोक प्रामाणिक अधिकाऱ्यावर रागावले!

त्यातच सत्तरच्या दशकात महागाई भडकली व कॅलिफोर्नियातील घरांच्या किमती भराभर चढू लागल्या. फेरआकारणी काही वर्षांनी एकदा होई, त्यामुळे वाढ हळूहळू न येता एकदम अंगावर कोसळे. आकारणी वाढल्यावर स्थानिक संस्थांनी दर उतरवावयास हवा होता. काहींनी तो थोडा उतरविला, पुष्कळांनी पुरेसा उतरविला नाही.

आणखी एक कारण न्यायालयातून आले. १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' हा खटला गाजला. त्यात पुढे आलेले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १९६८-६९ साली बाल्डविन पार्क या साधारण वस्तीच्या गावात दर विद्यार्थ्यामागे ५७७ डॉलर खर्च होत होते, तर बेव्हर्ली हिल्स या श्रीमंतांच्या गावात १,२३१ डॉलर. आणि गंमत अशी, की शाळेसाठी कराचा दर गरीब गावात दुपटीहून अधिक होता. श्रीमंत गावाला कमी दरातही अधिक पैसा मिळत होता. मुलाचे शिक्षण त्याच्या गावातील घरांच्या किमतीवर अवलंबून असणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा न्यायालयाने निर्णय दिला. निर्णय योग्यच होता. परंतु त्यानंतर शाळांमधील ही तफावत कमी करण्यासाठी राज्याला हात घालावा लागला, आणि आपण भरलेली पट्टी आपल्याच शाळेला मिळते हा घरवाल्यांचा समज ढिला झाला. प्रस्तावाच्या मागचे हे एक मोठे कारण असल्याचे काही अर्थशास्त्रज्ञांचे मत आहे. इतरांना ते मान्य नाही.

या सर्वांवर कळस म्हणजे राज्याच्या तिजोरीत त्या वेळी कित्येक अब्ज डॉलरची शिल्लक पडून होती. घरवाले बिलांनी हैराण झालेले, राजधानीत पैसा साठलेला, आणि कायदेमंडळात मात्र सवलत कशी द्यावी याविषयी वर्षानुवर्षे वाद! लोकांची सहनशक्ती संपली यात आश्चर्य नाही.

प्रस्तावात काय होते

हा असंतोष हॉवर्ड जार्व्हिस या व्यवसायातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी संघटित केला. पॉल गॅन हे त्यांचे सहकारी. जार्व्हिस त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि घरमालकांच्या संघटनेशी त्यांचा संबंध होता. त्यांचे आधीचे प्रयत्न सह्यांअभावी फसले होते. या वेळी बारा लाखांहून अधिक सह्या जमल्या. गव्हर्नर जेरी ब्राउन, शिक्षकांच्या संघटना आणि काही मोठे उद्योगसुद्धा विरोधात होते. मतदानापूर्वी काही आठवडे लॉस एंजेलिस कौंटीतील नव्या आकारणीचे आकडे बाहेर आले आणि उरलासुरला संशय फिटला. शेकडा जवळजवळ पासष्ट मते प्रस्तावाच्या बाजूने पडली.

प्रस्तावाची मुख्य कलमे चारच होती. पहिले, कोणत्याही मिळकतीवरील घरपट्टी तिच्या किमतीच्या शेकडा एकपेक्षा अधिक असू नये; आधी मंजूर झालेल्या कर्जाची फेड मात्र यातून वगळली होती. दुसरे, किंमत १९७५-७६ सालची धरावी व ती दरसाल शेकडा दोनपेक्षा अधिक वाढवू नये. मिळकत विकली गेली किंवा नवे बांधकाम झाले तरच त्या वेळचा बाजारभाव लावावा. तिसरे, राज्याचा कोणताही कर वाढवावयाचा तर कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते हवीत. चौथे, एखाद्या स्थानिक संस्थेला विशेष कामासाठी कर बसवावयाचा तर तेथील मतदारांची दोनतृतीयांश मते हवीत.

लोकांनी मत दिले ते मुख्यतः पहिल्या कलमाला. पण पुढच्या काळावर खरा परिणाम केला तो बाकीच्या तिघांनी.

पैसा गेला, त्याबरोबर सत्ताही गेली

घरपट्टीचे उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली आले; घट शेकडा सुमारे सत्तावन्न होती. अनेक ठिकाणी उन्हाळी शाळा बंद झाल्या, ग्रंथालयांचे तास कमी झाले. तरीही भाकीत केल्याप्रमाणे आकाश कोसळले नाही, कारण राज्याने आपल्या शिल्लकेतून गावांना मदत केली. परंतु शिल्लक एकदाच खर्च करता येते. पुढे मदत चालू ठेवावयाची म्हणून १९७९ साली राज्याने कायमची व्यवस्था केली.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उत्पन्न झाला. शेकडा एक हा सर्व संस्थांचा मिळून दर. मग त्यातील कौंटीला किती, नगरपालिकेला किती, शाळेला किती? हे ठरविण्याचा अधिकार प्रस्तावाने राज्याच्या कायद्याकडे दिला होता. राज्याने ढोबळमानाने पूर्वीचेच हिस्से कायम केले. परिणाम असा, की सत्तरच्या दशकात जे गाव काटकसरीने वागून कमी पट्टी घेत होते, त्याच्या वाट्याला पुढे कायमचा लहान हिस्सा आला. आणि सढळ हाताने खर्च करणाऱ्याला मोठा. पूर्वी गावातील नागरिक पट्टी जास्त वाटली तर आपल्या नगरपालिकेत जाऊन जाब विचारू शकत होता. आता नगरपालिका म्हणू लागली, 'दर आमच्या हातात नाही, हिस्साही आमच्या हातात नाही, राजधानीकडे पाहा.' सरकारचा हात आखडावा म्हणून केलेल्या या कायद्याने गावाची सत्ता उचलून दूरच्या सरकारच्या हातात दिली. जार्व्हिस यांचा हेतू असा नव्हता, हे स्पष्ट आहे. पण कायद्याचे परिणाम कर्त्याच्या हेतूला विचारून होत नाहीत.

जुना शेजारी व नवा शेजारी

दुसऱ्या कलमाचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका घराची १९७५ साली किंमत ५०,००० डॉलर होती. दरसाल शेकडा दोन वाढविले तरी पन्नास वर्षांनी आकारणी सुमारे १,३५,००० डॉलर होते, आणि शेकडा एकप्रमाणे पट्टी १,३५० डॉलर. शेजारचे तंतोतंत तसलेच घर एका तरुण जोडप्याने आज दहा लाख डॉलरला विकत घेतले. त्यांची पट्टी १०,००० डॉलर. रस्ता तोच, दिवा तोच, बंब तोच. पट्टीत मात्र सातपटीहून अधिक अंतर!

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली १,७०,००० डॉलरला एक साधे घर विकत घेतलेल्या एका बाईंना आढळले, की १९७५ पासून तशाच घरात राहणाऱ्या काही शेजाऱ्यांपेक्षा आपण सुमारे पाचपट पट्टी भरतो. एवढेच नव्हे, तर मालिबूच्या समुद्रकिनाऱ्यावरील एकवीस लाख डॉलरच्या बंगल्याच्या जुन्या मालकाची पट्टी त्यांच्या पट्टीपेक्षा अवघे काही डॉलर जास्त होती. 'नॉर्डलिंगर विरुद्ध हान' या खटल्यात १९९२ साली आठ विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने प्रस्ताव १३ वैध ठरविला. न्यायालयाचे म्हणणे असे, की वस्ती स्थिर राहावी असे राज्याला वाटणे गैर नाही. शिवाय नवा घेणारा आपल्याला किती पट्टी पडणार हे जाणूनच घर घेतो, पण जुन्या मालकाला वाढीची कल्पना आधी नसते.

या युक्तिवादात तथ्य आहे, हे नाकारता येणार नाही. पुढच्या दहा वर्षांची आपली पट्टी आज हिशेब करून सांगता येणे, हे वृद्धांच्या दृष्टीने मोठेच समाधान आहे. या प्रस्तावामुळे अनेकांचे राहते घर सुटले नाही, हेही खरे. म्हणूनच तो आजही कॅलिफोर्नियात लोकप्रिय आहे. परंतु संरक्षण गरजूंनाच मिळते असे मात्र नाही. ते विधवेला मिळते तसे बंगलेवाल्याला मिळते, आणि कारखाने, हॉटेले, मोठमोठ्या इमारती यांनाही मिळते. १९८६ च्या दुरुस्तीने आईबापांची जुनी आकारणी मुलांना वारसाने मिळू लागली; २०२० साली 'प्रस्ताव १९' ने तिला पुष्कळसा आळा घातला. त्याच निवडणुकीत मोठ्या व्यापारी मिळकतींना बाजारभाव लावण्याचा 'प्रस्ताव १५' मात्र थोडक्या फरकाने पडला.

बंद दाराशेजारच्या खिडक्या

गावाचा खर्च काही थांबत नाही. गटारे तुंबतात, रस्ते उखडतात, मुले शाळेत येतातच. मुख्य दार बंद झाल्यावर नगरपालिका खिडक्या शोधू लागल्या. नवे घर बांधणाऱ्याकडून जबर शुल्क घ्यावयाचे, ही एक खिडकी. नव्या वस्तीभोवती खास विभाग आखून तेथील घरांवर वेगळा कर बसवावयाचा, ही दुसरी. १९८२ च्या कायद्याने ती उघडली. तिसरी विक्रीकराची. त्या राज्यात विक्रीकराचा ठराविक अंश जेथे विक्री होते त्या गावाला मिळतो. त्यामुळे नगरपालिका असा हिशेब करू लागल्या, की चार घरे बांधू दिली तर पट्टी थोडी आणि खर्च फार. मोटारविक्रीचे एक मोठे दुकान आले तर मात्र चांगली कमाई. घरांची टंचाई असलेल्या राज्यात गावांनी घरांपेक्षा दुकानांचे स्वागत करावे, यात या हिशेबाचा काहीतरी वाटा आहेच.

शुल्काच्या खिडकीतून पुन्हा करच आत येतो आहे असे दिसताच करविरोधी मंडळींनी १९९६ साली 'प्रस्ताव २१८' आणून तीही आवळली. तेव्हापासून स्थानिक संस्थेला कोणताही नवा कर मतदारांना विचारल्यावाचून बसविता येत नाही. सर्वसाधारण खर्चासाठी साधे बहुमत, विशेष कामासाठी दोनतृतीयांश. यापुढे जाऊन कर व शुल्क दोन्हींवर आणखी कडक बंधने घालणारी एक घटनादुरुस्ती २०२४ साली मतपत्रिकेवर येणार होती. पण ती राज्यकारभाराच्या चौकटीतच मूलभूत बदल करते, आणि असा बदल केवळ सह्यांच्या मार्गाने करता येत नाही, असे ठरवून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ती मतपत्रिकेवरून काढावयास लावली. ओढाताण अजून चालूच आहे.

दोनतृतीयांश या अटीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. शंभर मतदारांपैकी सहासष्टांना गावात अग्निशमन केंद्र हवे आहे आणि त्यासाठी ते कर भरावयास तयार आहेत. तरी चौतीस जणांनी नको म्हटले तर ते होत नाही. आणि ही अट घटनेत घालणारा प्रस्ताव स्वतः दोनतृतीयांश मतांनी संमत झालेला नव्हता! अल्पसंख्यांचे रक्षण करणे हा लोकशाहीचा धर्म आहे. पण एकतृतीयांशाने दोनतृतीयांशांना अडवून धरावे, हा त्या धर्माचा अर्थ आहे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दुसरा मार्ग होता काय?

होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर १९८० मध्ये अशाच असंतोषातून 'प्रस्ताव अडीच' संमत झाला. गावाची एकूण घरपट्टी गावातील सर्व मिळकतींच्या किमतीच्या शेकडा अडीचच्या वर जाऊ नये, आणि नवे बांधकाम सोडून तिची वाढही वर्षाला शेकडा अडीचपेक्षा अधिक असू नये, अशी ती मर्यादा. पण त्यात तीन महत्त्वाचे फरक होते. हा साधा कायदा होता, घटनादुरुस्ती नव्हती, त्यामुळे अनुभवाने तो सुधारता आला. मर्यादा गावाच्या एकूण करावर होती, त्यामुळे जुना व नवा शेजारी असा भेद पडला नाही. आणि वार्षिक वाढीची मर्यादा ओलांडावीशी वाटली तर गावातील मतदार साध्या बहुमताने तसे ठरवू शकतात. शाळेच्या इमारतीसाठी जादा पट्टी द्यावयाची की नाही, याचा वाद तेथे आजही गावातच होतो व गावातच मिटतो.

पेन्शनीवर राहणाऱ्या वृद्धाचा प्रश्न याहूनही सरळ मार्गाने सुटण्यासारखा आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९६४ सालीच अशी सोय केली, की उत्पन्नाच्या मानाने घरपट्टी डोईजड होत असेल तर वृद्धाला राज्याने तेवढी सूट द्यावी. ज्याचे दुखणे त्यालाच औषध. सर्व गावाला नव्हे.

आपल्याकडे पाहता

ही सगळी परक्या मुलखातली हकीकत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. घरपट्टी भाड्यावर आकारली जात असे, आणि प्रमाणित भाड्यापेक्षा अधिक भाडे धरता येत नाही असे न्यायालयांनी ठरविले; त्यामुळे पट्टीही गोठली. जुन्या इमारतीची पट्टी नाममात्र आणि नव्या इमारतीची भारी, हा अनुभव मुंबईकरांनी कॅलिफोर्नियाच्या कितीतरी आधी घेतला. २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली. पुढे २०२२ साली मुंबईतील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्याचा निर्णय झाला, तोही राज्य सरकारच्या पातळीवर. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. जकातीचे नाके गेले याचे दुःख कोणी करू नये. परंतु स्वतः बसविलेला कर आणि वरून येणारी भरपाई यांत फरक आहे. पहिल्याबद्दल नगरसेवकाला मतदारापुढे उभे राहावे लागते. दुसरीसाठी त्याला मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आमचे म्हणणे असे नाही, की नगरपालिकेला मन मानेल तसा कर बसवू द्यावा. कॅलिफोर्नियातील घरवाल्यांची तक्रार खरी होती. ती वेळीच ऐकली असती, फेरआकारणीबरोबर दर उतरविले असते, राज्याच्या शिल्लकेतून वृद्धांना सूट दिली असती, तर प्रस्ताव १३ ची वेळ बहुधा आली नसती. कारभाऱ्यांनी कान बंद केले म्हणून लोकांनी कुलूप लावले. आणि ते घटनेत लावल्यामुळे त्याची किल्ली पुन्हा हाती येणे कठीण झाले.

तेव्हा करावर मर्यादा घालण्याची कोणतीही सूचना आपल्यापुढे आली, तर तिला तीन प्रश्न विचारावेत. या मर्यादेने ज्याचे खरोखर दुखते त्यालाच आराम पडतो, की सर्वांत मोठा लाभ दुसऱ्याच कोणाला होतो? आज भरणाऱ्यावरचे ओझे उद्या येणाऱ्यावर जाते काय? आणि मर्यादा घातल्यावर खर्चाचा निर्णय गावात राहतो, की गावाबाहेर जातो? घरपट्टीचे पुढचे बिल हाती पडेल तेव्हा त्यातील आकडा तर आपण पाहूच. त्याबरोबर तो आकडा कोणी ठरविला, आणि त्याला जाब विचारावयाचा तर आपल्याला किती दूर जावे लागेल, हेही एकदा पाहून ठेवावे.